शाळेतल्या मानसतज्ज्ञाची खोली

(दिघोरी, जि. भंडारा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



व्याख्यानमालेत वक्त्यानं शिवचरित्रावर बोलावं, संतांवर बोलावं, अशी आपली सवय आहे. मी मात्र आज एका खोलीवर बोलणार आहे. फार मोठी नाही, दहा बाय बाराची. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांचं आयुष्य शाळेत गेलं, त्यामुळे त्यांना हा विषय परका वाटला नसता, असं मी धरून चालतो.

खोली शाळेतल्या मानसतज्ज्ञाची. लगेच कुणाच्या मनात येईल, इथं शिक्षकाची पदं भरायला वर्ष-वर्ष लागतं, तिथं मानसतज्ज्ञ कुठून आणता? प्रश्न रास्त आहे. माणूस कसा आणायचा ते मी शेवटाकडे सांगेन. पण माणूस मिळाला आणि खोली चुकली, तर तो माणूस फुकट जातो. हे मी बऱ्याच शाळांत पाहिलं आहे, म्हणून आधी खोली.

आपल्या भागात पटसंख्या घटल्यामुळे पुष्कळ शाळांत एखादी वर्गखोली रिकामी असते. रिकामी म्हणजे काय, तर पोषण आहाराच्या तांदळाची पोती, मोडकी बाकं, जुने नकाशे आणि गणपतीच्या वेळचं मखर तिथं असतं. समुपदेशकाला जागा हवी म्हटलं की मुख्याध्यापक याच खोलीकडे बोट दाखवतात. पोती एका कोपऱ्यात सरकतात, टेबल मांडलं जातं, फलक लागतो, फोटो निघतो. वर्षभरानं पोती पुन्हा टेबलापर्यंत आलेली असतात.

दुसरा प्रकार याहून वाईट. मुख्याध्यापकांच्या कार्यालयाला लागून असलेली खोली देतात, मान म्हणून. आता शाळेतलं मूल मुख्याध्यापकांच्या दाराशी कधी जातं? वर्गातून काढलं की, किंवा बापाला बोलावलं की. त्या वऱ्हांड्यात उभं असलेलं मूल साऱ्या शाळेच्या लेखी आरोपी असतं. त्याच वऱ्हांड्यातून पुढे मानसतज्ज्ञाकडे जायचं असेल, तर ज्याला खरोखर जायचं आहे तो जाणार नाही, आणि ज्याला पाठवलं आहे तो तोंड उघडणार नाही.

मग लांब, एकीकडे, कुणाला दिसणार नाही अशी खोली घ्यावी का? शहरातली पुस्तकं तसं सुचवतात. शहरात ते चालतं, कारण तिथं हजार मुलांत एखादं कुठं गेलं ते कळत नाही. दिघोरीसारख्या गावात आडबाजूला जाणारं मूल जास्त दिसतं. मधल्या सुट्टीत मागच्या खोलीत गेलेली पोरगी संध्याकाळपर्यंत विहिरीवर, पानठेल्यावर, आणि रात्री मामाच्या गावीसुद्धा पोचलेली असते, हल्ली तर फोनवरून. म्हणून माझं म्हणणं उलट आहे. खोली लपवू नका, गजबजवा. तिथं प्रत्येक मुलाला जायला काहीतरी साधं कारण असू द्या. शाळेचं वाचनालय तिथंच ठेवा. उंची-वजनाचा काटा तिथंच ठेवा. दहावीनंतर काय, याची माहितीपत्रकं, शिष्यवृत्तीचे अर्ज, आयटीआयच्या प्रवेशाच्या तारखा तिथल्याच भिंतीवर लावा. ज्या खोलीत सगळीच पोरं जातात, तिथं कोण कशाला गेलं हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. आपल्याकडे मानसशास्त्र शाळेत शिरलं ते अशाच साध्या कारणांचं बोट धरून. १९६२ मध्ये पुण्यात अप्पा पेंडशांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. ते स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक. त्यांच्याकडे बुद्धिमापन हे दोष शोधण्यासाठी नव्हतं, गुण शोधण्यासाठी होतं, त्यामुळे चाचणी देणं ही मुलांना अभिमानाची गोष्ट वाटे. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली आणि लगेच ‘वेध’ नावाची करिअरविषयक परिषद भरवायला सुरुवात केली. मनोविकारतज्ज्ञाच्या संस्थेत आईबाप मुलांना घेऊन आपण होऊन यायला लागले, कारण निमित्त करिअरचं होतं. २०१६ मध्ये राज्य सरकारनं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली, तीही चांगली कल्पना होती. तिची अडचण एवढीच, की कागद हाती आला, पण तो समोर घेऊन मुलाशी अर्धा तास बोलणारा माणूस बहुतेक गावांत नव्हता.

आता खोलीच्या आत येऊ. जरा सावकाश येऊ, कारण माझा खरा विषय हाच आहे.

दाराचा नियम एक. आतलं दिसावं, पण ऐकू जाऊ नये. दाराच्या किंवा खिडकीच्या वरच्या भागाला साधी काच असावी. बंद दाराआड एक मोठं माणूस आणि एक मूल, ही गोष्ट मुलासाठी धोक्याची आणि त्या माणसासाठीही. पण कौलातून, पत्र्याखालून, अर्ध्या भिंतीवरून आवाज पलीकडच्या वर्गात जात असेल तर खोलीचा उपयोग शून्य. हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. एकानं आत बसून नेहमीच्या आवाजात पाढे म्हणावेत, दुसऱ्यानं शेजारच्या वर्गात बसावं. तेरा सक कळला, तर भिंत आढ्यापर्यंत न्या. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की आतल्या आत ऐकू येत नाही, तेव्हा त्या दिवशी चाचणी घ्यायची नाही. दुसरं काही तरी करायचं.

टेबल समोरासमोर मांडू नका. समोरासमोर बसलं की साहेब आणि अर्जदार होतात. टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात दोन खुर्च्या ठेवल्या, की मुलाला वाटलं तर बघता येतं, नको वाटलं तर खिडकीबाहेर बघता येतं. मुलाची खुर्ची त्याचे पाय जमिनीला टेकतील अशी हवी. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण बुद्धिमत्ता चाचणीला कधी दोन-दोन तास लागतात. दोन तास पाय लोंबकळत ठेवून ठोकळ्यांची नक्षी जुळवून बघा. पंखा थेट टेबलावर नको, कागद उडतात. शाळेची घंटा त्याच भिंतीला टांगलेली असेल तर ती हलवा.

खेळणी हवीत, कारण सात-आठ वर्षांचं लेकरू ‘मला दुःख होतं’ असं म्हणत नाही, ते खेळून दाखवतं. पण त्यासाठी नागपूरहून महागडा संच आणायची गरज नाही. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल आपल्या घरोघरी आहेत. मातीची चूल, जातं, सूप, भातुकली, चिंध्यांच्या बाहुल्या, एक परातभर वाळू. मी एका मुलाला वाळूत भाताच्या बांध्या आखताना पाहिलं. चांगल्या चार बांध्या आखल्या, बैल जोडले, आणि माणसाची बाहुली बांधावर पालथी निजवून ठेवली. ‘तो काऊन झोपला?’ विचारलं तर म्हणाला, ‘तो पिऊन हाये.’ एवढंच. पुढे तो बैलांकडेच बघत राहिला. प्लास्टिकच्या मोटारी दिल्या असत्या तर हे वाक्य आलं नसतं.

शिक्षकांची तक्रार असते, ‘पोरगं मठ्ठ आहे, तपासा.’ माझी पहिली विनंती असते, आधी डोळे आणि कान तपासा. हा नियम या शास्त्राच्या जन्माइतका जुना आहे. १८९६ साली अमेरिकेत लाइटनर विटमर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जगातलं पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक काढलं. त्यांच्याकडे आलेला पहिला रुग्ण म्हणजे शब्दांची स्पेलिंग जमत नाहीत म्हणून शिक्षिकेनं आणलेला एक मुलगा. तपासात त्याच्या दृष्टीतच दोष निघाला आणि चष्म्यापासून सुरुवात झाली. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या पथकाचं कार्ड या खोलीत असलं पाहिजे. सहावीतला एक मुलगा माझ्याकडे ‘लक्ष देत नाही’ म्हणून आला होता. त्याचा डावा कान लहानपणापासून वाहत होता, आणि वर्गात त्याची जागा अशी होती की गुरुजींचा आवाज नेमका डाव्या बाजूनं यायचा. औषध सुरू झालं, जागा बदलली. मानसशास्त्राला तिथं फारसं काम उरलं नाही.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट धरून चालावी लागते, सिकलसेल. वारंवार गैरहजर, खेळात दमणारा, थंडीत हातपाय दुखतात म्हणून रडणारा मुलगा आळशी ठरण्याआधी त्याची रक्ततपासणी व्हावी. आणि नाटकांच्या हंगामात, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की, वर्गात डुलक्या घेणाऱ्या मुलाला मानसतज्ज्ञाकडे धाडण्याआधी काल रात्री कुठल्या गावात नाटक होतं ते विचारावं. आपल्या या झाडीपट्टीत जन्मलेल्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरून आलेल्या समुपदेशकाला सांगावं लागतं.

चाचण्यांच्या बाबतीत तर आपण नशीबवान आहोत. आपल्या देशातलं या क्षेत्रातलं महत्त्वाचं काम आपल्या जवळपास झालं. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात बिने यांच्या चाचणीचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं. ‘बिने-कामत’ चाचणी आजही वापरात आहे. मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेनं १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. आणि नागपुरात, इथून काही तासांच्या अंतरावर, चाइल्ड गायडन्स सेंटरमध्ये डॉ. मॅलिन यांनी १९६०च्या दशकात भारतीय मुलांसाठी बुद्धिमत्ता मापनश्रेणी तयार केली. सहा भाषिक आणि पाच कृतीच्या उपचाचण्या. देशभरातली रुग्णालयं ती वापरतात.

पण चाचणी नागपूरची असली तरी नागपूर आणि दिघोरी एक नाही. शब्दसंपत्ती तपासताना मूल ज्या भाषेत विचार करतं ती विसरून चालत नाही. आमच्या झाडीबोलीत ‘ण’ नाही. मूल ‘पानी’ बोलतं, ‘पानी’ लिहितं. आता वाचन-लेखनाची अक्षमता शोधणारा तरुण तज्ज्ञ बाहेरून आला आणि वहीत ओळीनं ‘पानी’, ‘बान’, ‘कारन’ बघितलं, तर तो खूण करणार. ती चूक मुलाच्या मेंदूत नाही, ती त्याच्या आजीच्या बोलण्यात आहे, आणि आजीच्या बोलण्यात ती चूकही नाही. खरी अक्षमता वेगळी दिसते. तोच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो, अक्षरं मागेपुढे होतात, तोंडी उत्तर पक्कं आणि लेखी कोरं. म्हणून या खोलीत एक वही अशी असावी की जिच्यात इथल्या बोलीतले शब्द, शेतीतले, रोवणीतले, मुलांच्या खेळांतले, शिक्षकांनी लिहून ठेवलेले आहेत. ‘पऱ्हे’ म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्यानं इथल्या मुलाची शब्दसंपत्ती मोजू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारच्या अपंगत्वांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला, तिचं प्रमाणपत्र असलं तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ज्याला खरी गरज आहे तो या सवलतीपासून वंचित राहू नये, आणि ज्याला केवळ झाडीबोली येते त्याच्यावर शिक्का बसू नये.

शिक्क्यावरून आता कपाटाकडे येतो. माझ्या मते या खोलीतली पहिली खरेदी टेबल नाही, खुर्ची नाही, फलक तर नाहीच. पहिली खरेदी लोखंडी कपाट, चांगल्या कुलपाचं. आणि पहिला नियम असा की त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे नसेल.

इथं नेहमी कुरबुर होते. शाळेतल्या प्रत्येक कागदाची जबाबदारी मुख्याध्यापकांची, मग हेच कपाट कसं वेगळं? वेगळं अशासाठी, की या कपाटातला कागद मुलाच्या आयुष्यात फार लांबवर जातो. आपल्याकडे सोयरीक जुळताना काय काय विचारतात ते मी सांगायला नको. नववीत असताना पोरगी ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ जात होती, एवढं वाक्य पुरतं. सिकलसेलच्या तपासणीचंही तसंच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयता हा हक्क दिला आहे, पण गावात कायद्याच्या आधी कुलूप कामाला येतं.

कागद तीन प्रकारचे ठेवावेत. एक भेटींची नोंदवही, तिच्यात नाव नाही, फक्त क्रमांक आणि वेळ. ही कुणीही पाहावी, वरिष्ठांनी तपासावी, हरकत नाही. दुसरी मुलाची फाईल, तिच्यात बोलणं, चित्रं, घरची माहिती. ती फक्त तज्ज्ञाची. तिसरे चाचण्यांचे उत्तरपत्रक आणि साहित्य. हे बाहेर गेलं तर चाचणीच निकामी होते, कारण ठोकळ्यांची नक्षी गावात पाठ झाली की पुढच्या मुलाची बुद्धी कशी मोजणार? वर्गशिक्षकाला फाईल नको, त्याला एक चिठ्ठी पुरते: याला पुढे बसवा, याला दोन आठवडे मोठ्यानं वाचायला लावू नका. का, ते लिहायचं नाही. शिक्षक ‘का’ विचारतात. प्रेमानं विचारतात. तरी सांगायचं नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो मुलाला पहिल्याच भेटीत, त्याच्या भाषेत सांगायचा. ‘तू जे सांगशील ते मी कुणाला सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा तुला कुणी त्रास देत असेल, तर मला ते सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला सांगेन.’ २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं १९वं कलम १८ वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक करतं. ही सक्ती फक्त तज्ज्ञावर नाही, ज्याला कळलं त्या प्रत्येकावर आहे. माहिती दडवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि संस्थाप्रमुखानं दडवली तर ती जास्त आहे. ‘शाळेची बदनामी होईल’, ‘गावात बसून मिटवू’ ही वाक्यं या खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवायची. पोलीस ठाणं तर आपल्या गावातच आहे. २०२२ मध्ये राज्य सरकारनं शाळांत सखी सावित्री समित्या नेमायला सांगितलं. आपल्या शाळेतली समिती कागदावर आहे की बसते, हे आज इथं बसलेल्या मातांनी उद्या जाऊन विचारावं. भिंतीवर दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत हवेत: १०९८ मुलांच्या मदतीसाठी, १४४१६ टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी. आणि ते मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, साहेबांच्या फोटोंच्या रांगेत नाही.

आता माणूस. प्रत्येक शाळेला स्वतंत्र मानसतज्ज्ञ मिळेल असं मी सांगितलं तर तुम्ही मला पुढच्या निवडणुकीला उभं कराल. मिळणार नाही. पण केंद्रातल्या सगळ्या शाळा मिळून आठवड्यातला एक ठरलेला दिवस मागू शकतात. गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं मनुष्यबळ जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं असतं. किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. ही माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, कारण त्यांना एकत्र बसायला जागा नाही. ती जागा म्हणजे ही खोली. दिवस ठरवताना बाजाराचा दिवस टाळा, आयाबाया येऊ शकत नाहीत. रोवणीच्या दिवसांत पालकांना बोलावू नका. आणि कुणी दोन महिन्यांचं प्रमाणपत्र घेऊन ‘मी निदान करतो’ म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. समुपदेशन म्हणजे बोलणं-ऐकणं, ते प्रशिक्षित शिक्षकही करू शकतो. निदान आणि प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे.

पैशाचं म्हणाल तर कपाट, दोन खुर्च्या, एक काच, रंग आणि भिंत आढ्यापर्यंत न्यायचा खर्च. एवढ्यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावेत असं ठरवलं, आणि शाळा विकास आराखडा करायचं काम त्याच समितीला दिलं. म्हणजे ही खोली आराखड्यात घालायची की नाही, हे या मंडपात बसलेली माणसं ठरवू शकतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधीच्या बैठकीत ठराव घ्यायचा असेल तर त्यात तांदळाची पोती कुठं हलवायची ते लिहा, नाही तर ती हलणार नाहीत. कपाटाची दुसरी किल्ली मोहोरबंद पाकिटात गट साधन केंद्रात राहील, हे लिहा. आणि मूल शाळा सोडून गेल्यावर त्याची फाईल किती वर्षं ठेवायची, कुणाच्या समक्ष जाळायची, हेही त्याच ठरावात येऊ द्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत ती फाईल जाता कामा नये.